पहाटेचा ऑक्सिजन: ठाण्यातल्या एका तळ्यावरच्या फायबर सेन्सरच्या नोंदी

१४ जानेवारी २०२४, रविवार

आजपासून ही वही. भाच्याने आणि मी जे ठरवलं ते आधी लिहून ठेवते. आमच्या वसाहतीमागच्या तळ्यात विरघळलेला ऑक्सिजन चोवीस तास मोजायचा, आणि तोही प्लास्टिकच्या ऑप्टिकल फायबरने, म्हणजे प्रकाश वाहून नेणाऱ्या तारेने. भाचा इलेक्ट्रॉनिक्सवाला, नोकरी ऐरोलीला. मी तुर्भ्याच्या एका केमिकल कंपनीत क्वालिटी कंट्रोलमध्ये उभी नोकरी काढलेली. रसायन माझ्याकडे, सोल्डरिंग त्याच्याकडे.

ऑक्सिजनच का? ठाण्यात तळी भरपूर: मासुंदा, कचराळी, उपवन, रायलादेवी, शिवाय आमच्यासारखी वसाहतींच्या आड लपलेली. पाण्याचा नमुना कुणीही घेतो तो कामाच्या वेळात, सकाळी दहा-अकराला. तोवर ऊन चढलेलं असतं, शेवाळाचं प्रकाशसंश्लेषण जोरात चालू असतं आणि पाण्यात ऑक्सिजन चढत असतो. रात्री तेच शेवाळ, मासे, जिवाणू आणि तळातला गाळ मिळून तो वापरत राहतात. सगळ्यात कमी आकडा सूर्योदयाच्या जरा आधी येतो. अकराच्या बाटलीत तो कधीच सापडायचा नाही. मासे मरतात ते मात्र त्याच आकड्याने.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत मासे आणि वन्यजीवांसाठीच्या पाण्याला, म्हणजे डी वर्गाला, लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम ऑक्सिजन हवा. आमचं तळं पहाटे कुठे असतं, हे कुणालाच माहीत नाही.

मासेमारीचा ठेका घेतलेल्या दादांशी बोलले. त्यांचं म्हणणं, "ताई, पहाटे मासा वर येऊन तोंड मारतो. ऊन आलं की खाली जातो. मशीन कशाला पाहिजे?" त्यांना माहीत आहे ते खरंच आहे. पण किती वाजता, किती कमी, कोणत्या दिवशी जास्त धोका, हे कागदावर आलं तरच कुणी ऐकेल.

२८ जानेवारी

पद्धत कोणती यावर आजची दुपार. क्लार्क यांचा इलेक्ट्रोड १९५६ पासूनचा, कंपनीत मी वर्षानुवर्षं वापरला. तो ऑक्सिजन मोजता मोजता स्वतः खातो, त्यामुळे टोकाशी पाणी हलतं ठेवावं लागतं. पडदा आणि आतलं द्रावण बदलत राहावं लागतं. साचलेल्या तळ्यात महिनोन्‌महिने सोडून द्यायचं ते यंत्र नव्हे.

प्रकाशाची रीत वेगळी. काही रंगद्रव्यांवर हिरवा किंवा निळा प्रकाश टाकला की ती लाल चमकतात. जवळ ऑक्सिजनचा रेणू आला की ती ऊर्जा त्याला देऊन टाकतात आणि चमक विझते. ऑक्सिजन जास्त, चमक कमी. स्टर्न आणि फोल्मर यांनी १९१९ मध्ये या विझण्याचं गणित मांडलं, ते आजही चालतं. यात ऑक्सिजन खर्च होत नाही, पाणी ढवळावं लागत नाही.

फायबरच का, असं भाच्याच्या मित्राने विचारलं. एलईडी आणि उजेड मोजणारा फोटोडायोड सरळ पाण्यातच का बुडवत नाही? कारण पाण्यात वीज नकोच. इलेक्ट्रॉनिक्सची पेटी काठावर कोरडी राहते, पाण्यात जाते फक्त प्लास्टिकची तार आणि नखाएवढं टोक. टोक खराब झालं तर नवं लावायला काहीच खर्च नाही. आणि एकाच पेटीतून वेगवेगळ्या खोलीवर टोकं सोडता येतात.

रंगद्रव्य प्लॅटिनम पॉर्फिरिन ठरलं, फ्लोरिन असलेलं, कारण उन्हापावसात ते जास्त टिकतं. हिरवा प्रकाश घेतं आणि ६५० नॅनोमीटरच्या आसपास लाल सोडतं. अ‍ॅक्रिलिकच्या फायबरमधून नेमके हिरवा आणि ६५०चा लाल हे दोन्ही कमी नुकसानीत जातात. दोन वेगळ्या कारखान्यांच्या वस्तू इतक्या जुळाव्यात, याचा मला आज फार आनंद झाला.

११ फेब्रुवारी

फिल्म बनवली. रंगद्रव्य आणि पॉलिस्टायरीन नावाचं प्लास्टिक टोल्युइन या द्रावकात विरघळवून थेंब सोडायचा, तो वाळला की पातळ पापुद्रा राहतो. थेंब थेट फायबरवर सोडायचा नाही, हे भाच्याला आधीच बजावलं. फायबर अ‍ॅक्रिलिकचा, टोल्युइन त्याला खातं. सूक्ष्मदर्शकाची कव्हर स्लिप, म्हणजे पातळ काच, घेतली, तिच्यावर फिल्म, आणि तिची कोरी बाजू फायबरच्या टोकाला चिकटवली.

फायबर एक मिलिमीटर जाडीचा, दोन शेजारी शेजारी: एकातून हिरवा प्रकाश खाली, दुसऱ्यातून लाल वर. टोकं ६००, १००० आणि २००० नंबरच्या पॉलिश पेपरवर पाणी लावून घासली, शेवटी ब्रासोने. भिंगाखाली ओरखडा दिसला की परत पहिल्यापासून. या कामात घाई केलेली लगेच दिसते.

टोल्युइनचं काम गॅलरीत, खिडक्या उघड्या, हातमोजे घालून. स्वयंपाकघराच्या आसपास हे काम करायचं नाही, हा नियम.

फोटोडायोडपुढे लाल फिल्टर हवा होता. तूर्त नाटकाच्या लाइटवाल्यांकडचं लाल जिलेटिन दुहेरी लावलंय. काचेचा फिल्टर मागवला आहे.

अंधारात टोक बघितलं. हिरवा एलईडी लावला की फिल्म गुलाबीसर लाल चमकते. तिच्यावर सोडियम सल्फाइटच्या पाण्याचा थेंब टाकला, ऑक्सिजन संपला, आणि चमक डोळ्यांना कळेल इतकी वाढली. भाचा म्हणाला, "मावशी, मीटर नसलं तरी चालेल की गं!" नाही चालणार, पण त्याचं म्हणणं कळलं.

३ मार्च

किती उजेड येतो एवढंच मोजून भागणार नाही, हे आज टेबलावर सिद्ध झालं. फायबर हाताने जरा वाकवला, आकडा बदलला. एलईडी तापला, आकडा बदलला. पंख्याने वायर हलली तरी बदलला. तळ्यात तर वारा, बगळे, दादांचं जाळं, सगळंच आहे.

म्हणून उजेड किती ते सोडून उजेड किती उशिरा येतो ते मोजायचं. या रंगद्रव्याची चमक प्रकाश बंद झाल्यावरही क्षणभर टिकते. ऑक्सिजन नसेल तर सेकंदाच्या साधारण ६० दशलक्षांश भागाइतकी. हवेने तृप्त पाण्यात, म्हणजे हवेतून मावेल तेवढा ऑक्सिजन घेतलेल्या पाण्यात, ती वीसच्या आसपास येते. फायबर वाकला, एलईडी मंदावला, अर्धं रंगद्रव्य उडून गेलं तरी हा उशीर बदलत नाही, कारण तो रेणूचा स्वतःचा असतो. कमी पडतो तो फक्त उजेडाचा जोर.

एवढा छोटा काळ थेट मोजायला महाग उपकरणं लागतात. भाच्याची युक्ती अशी की एलईडी सेकंदाला ३,००० वेळा लुकलुकवायचा आणि येणारी लाल लुकलुक किती अंश मागे पडते ते काढायचं (एक पूर्ण लुकलुक म्हणजे ३६० अंश). हिशेबाने शून्य ऑक्सिजनला ४८ अंशांच्या आसपास, तृप्त पाण्यात २०-२१. टेबलावर हेच आकडे आले, अंशभराच्या फरकाने. मधले २७ अंश म्हणजे आमची फूटपट्टी.

अ‍ॅम्प्लिफायर स्वतःही थोडा उशीर करतो, आणि दुपारी तापल्यावर वेगळा करतो. त्यासाठी फोटोडायोडजवळ एक साधा लाल एलईडी बसवला. त्याच्या प्रकाशाला रंगद्रव्याचा उशीर नसतो. आधी त्याचा उशीर मोजायचा, मग खऱ्या टोकाचा, आणि वजाबाकी. लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या सगळ्या सामानात हा सर्वात स्वस्त भाग, आणि माझ्या मते सर्वात महत्त्वाचा.

१७ मार्च

गळका प्रकाश. फिल्टर कितीही चांगला असला तरी थोडा हिरवा पलीकडे जातोच, आणि त्याला उशीर शून्य. तो मिसळला की एकूण उशीर कमी दिसतो, म्हणजे ऑक्सिजन आहे त्यापेक्षा जास्त वाटतो. आमच्या कामात हीच चूक सर्वात वाईट, कारण ती धोका लपवते. कोरी कव्हर स्लिप लावून गळती मोजली आणि हिशेबातून काढली. आता काचेचा फिल्टर आलाय, गळती बरीच कमी.

दुसरा चोर तळ्यातच आहे. शेवाळातलं हरितद्रव्यही लाल चमकतं, तेही जवळजवळ उशिराविना. शिवाय ऊन. दोन्हींवर एकच उपाय: फिल्मवर काळ्या सिलिकॉनचा पातळ थर. सिलिकॉनमधून ऑक्सिजन सहज जातो, प्रकाश जात नाही. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन घेतलं नाही; सुकताना ते अ‍ॅसेटिक आम्ल सोडतं, आणि मला ते फिल्मजवळ नको. थरामुळे सेन्सर थोडा सुस्त झाला, पण तळं सेकंदात बदलत नाही.

७ एप्रिल

कॅलिब्रेशन, म्हणजे कोणत्या उशिराला किती ऑक्सिजन ते ठरवणं. शून्याला सोडियम सल्फाइट आणि चिमूटभर कोबाल्ट क्लोराइड. वरच्या टोकाला मत्स्यालयाच्या पंपाने तासभर बुडबुडे सोडलेलं पाणी. २५ अंश सेल्सिअसला हवेने तृप्त गोड्या पाण्यात लिटरमागे ८.२६ मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो, ३० अंशांना ७.५६. म्हणजे उन्हाळ्यात तळं मुळातच कमी भांडवलावर चालतं, आणि त्याच दिवसांत मासे आणि जिवाणू जास्त वापरतात.

दोन बिंदूंमधून सरळ रेषा काढून मोकळं व्हायचं नाही. पॉलिस्टायरीनमध्ये रंगद्रव्याचे सगळे रेणू सारख्या जागी बसलेले नसतात, काहींपर्यंत ऑक्सिजन नीट पोचत नाही, त्यामुळे आलेख खाली वाकतो. मधले बिंदू घेण्यासाठी पाणी उकळून गार केलं, थोडं थोडं हवेत ओतलं, आणि प्रत्येकाची विंकलर पद्धतीने बाटली केली. तपमानही वेगळं मोजावं लागतंच. गरम पाण्यात चमक लवकर विझते. टोकाशेजारी तपमानाचा छोटा सेन्सर बांधला; पाण्यात विजेची तार गेली ती तेवढीच.

विंकलरबद्दल भाच्याला सांगितलं. १८८८ ची पद्धत, आणि अजूनही निवाडा तीच करते. ३०० मिलिलिटरच्या बाटलीत बुडबुडा न राहू देता पाणी भरायचं, मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड घालायचं. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका, नसेल तर पांढरा. मग सल्फ्युरिक आम्ल, आणि थायोसल्फेटने टायट्रेशन, म्हणजे ते थेंबाथेंबाने मोजून घालायचं, स्टार्चचा निळा जाईपर्यंत. तो म्हणाला, "हे तर मोबाइलशिवाय होतं!" हो, पण यासाठी पहाटे पाचला काठावर माणूस लागतो, रोज.

९ एप्रिल, पाडवा

गुढी उभारून, श्रीखंड-पुरी आटोपून सेन्सर तळ्यात सोडला. परवानगीचा कागद पेटीत आतून चिकटवला आहे. टोक पृष्ठभागाखाली अर्धा मीटर. दर दहा मिनिटांनी सेकंदभर हिरवा प्रकाश, एरवी बंद, म्हणजे रंगद्रव्य जळत नाही आणि बॅटरी टिकते.

२१ एप्रिल

आलेख सुरेख येतोय. पहाटे खाली, दुपारी वर, रोज, आणि दिवसागणिक लाट मोठी होत चाललेली. भाचा खूश. आम्हाला जे दिसायला हवं होतं तेच दिसतंय, आणि मला नेमकी हीच गोष्ट टोचते. आठवड्याभरात तळ्याचं पाणी एवढं बदललं?

टोक वर काढलं. बोटाला बुळबुळीत लागलं. त्या बुळबुळीत थरात शेवाळ आहे आणि जिवाणूही आहेत. दिवसा ते टोकाशीच ऑक्सिजन सोडणार, रात्री टोकाशीच खाणार. म्हणजे फिल्मला चिकटलेलं एक स्वतंत्र तळं. त्याची लाट मोठ्या तळ्याच्या लाटेसारखीच दिसते, वेळही तीच. नुसत्या आलेखावरून दोन्ही वेगळी ओळखता येणं शक्य नाही.

दुसरं टोक स्वच्छ करून पहिल्याच्या शेजारी बांधलं. पहिलं तसंच ठेवलं. आता पहाटेच्या बाटल्या.

२८ एप्रिल

उकाडा भयंकर. पहाटे पाचला काठावर पोचलो, दादा टॉर्च घेऊन आधीच हजर. टोकाच्या शेजारून बाटली भरली, तिथेच रसायनं घातली. टॉर्चच्या उजेडात साका बघितला: फिकट, जेमतेम पिवळट. माझ्या नोकरीत नदीचं, विहिरीचं, कारखान्याच्या सांडपाण्याचं पाणी पाहिलं, पण लोक कडेने फिरायला येतात त्या तळ्याचा असा साका बघून पोटात गोळा आला.

घरी टायट्रेशन केलं. लिटरमागे २ मिलिग्रॅमच्या थोडं वर. स्वच्छ टोकाचा आकडा त्याच्याशी ०.३ च्या आत जुळला. बुळबुळीत टोक शून्याला टेकलेलं. दुपारी तीनला पुन्हा बाटली: ११ च्या जवळ, म्हणजे तृप्तीच्या कितीतरी वर. स्वच्छ टोक पुन्हा जुळलं, बुळबुळीत त्याहूनही बरंच वर.

म्हणजे पहाटेची घट खरी, पण सेन्सर दाखवत होता तितकी खोल नाही. बुळबुळ धरल्यानंतरचा आलेख कुणालाही दाखवायचा नाही, असं ठरलं. भाच्याला वाईट वाटलं. पण तळ्याचा कारभार पाहणाऱ्या ऑफिसात हा कागद ठेवल्यावर एखाद्या जाणत्या माणसाने नेमका हाच प्रश्न विचारला असता, आणि मग खरी घटही कुणी मानली नसती.

आता टोकाभोवती तांब्याची जाळी. तांब्यावर शेवाळ बसायला कचरतं. शिवाय दर आठवड्याला मऊ कापडाने पुसणं आणि त्यानंतर एक बाटली. दादा म्हणाले, पुसायचं काम मी करतो. त्यांना आकडा कुठे दिसतो तेही दाखवलं.

१४ मे, मंगळवार

काल दुपारचं धुळीचं वादळ. चारच्या सुमारास संध्याकाळ झाल्यासारखा अंधार, मग वारा, मग पाऊस. लोकल अडकल्या, भाचा रात्री उशिरा घरी पोचला. फांद्या पडल्या, पेटी शाबूत.

आलेखावर सगळं उमटलंय. एरवी दुपारी चारनंतरही वर असणारी रेषा अंधार झाल्या झाल्या घसरायला लागली. तिन्हीसांजेला ती इतकी खाली होती की रोज ती तिथे मध्यरात्रीनंतर पोचते. माझ्या अंदाजाने दोन गोष्टी झाल्या. ऊन गेल्याने शेवाळाचं काम लवकर बंद पडलं, आणि वाऱ्याने तळाचं पाणी वर आणलं. ते ऑक्सिजनविना असतं आणि त्यातला गाळ आहे तोही ऑक्सिजन ओढतो. काठावर कुजक्या अंड्यांसारखा वास होता, त्यावरून दुसरी गोष्ट तर नक्कीच घडली असावी.

पहाटे चारला आकडा १ च्या खाली. दादांचा फोन आला तेव्हा मी फोनवर आकडाच बघत होते. तिलापिया टिकून होते, रोहू आणि कटला वर तोंडं काढून. तळ्यातल्या कारंज्याची चावी ज्यांच्याकडे असते त्यांना दादांनी उठवलं. साडेचारच्या सुमारास कारंजं सुरू झालं. आमचं टोक कारंज्यापासून फार लांब नाही. रेषा आधी सपाट झाली, मग हळूहळू वर. उजाडेपर्यंत आकडा दीडच्या पुढे. काही मासे गेले, दादांनी काढले. त्यांचा हिशेब त्यांच्याकडे. मी विचारला नाही.

एवढं पक्कं: त्या रात्री मासे वर येण्याच्या कितीतरी आधी, संध्याकाळीच, रेषेने सांगितलं होतं.

२६ मे

अर्ज लिहिला. मागणी साधी आहे. कारंजं रोज संध्याकाळी सात ते दहा चालतं, लोक बघायला येतात तेव्हा. त्या वेळी पाण्यात दुपारचा ऑक्सिजन शिल्लकच असतो; तृप्तीच्या वर असेल तर फवारा उलट तो हवेत घालवतो. तेच तीन तास पहाटे तीन ते सहा द्या. वीज तेवढीच लागेल.

सोबत स्वच्छ टोकाचा आलेख, त्यावर विंकलरच्या बाटल्यांचे ठिपके वेगळ्या रंगात, आणि १३-१४ मेचा वेगळा कागद. कोणाची तक्रार नाही, कोणाला दोष नाही, हे भाच्याने शेवटी मुद्दाम लिहिलं. मी एक ओळ घातली की कारंजं हा हवा देण्याचा सर्वात चांगला मार्ग नव्हे. तळाशी बारीक बुडबुडे सोडणारी नळी जास्त उपयोगी पडेल, पण आहे ते आधी योग्य वेळी वापरू.

ऑफिसातल्या साहेबांनी कागद नीट वाचले. ठिपके काय आहेत, ते त्यांनी स्वतःहून विचारलं. संध्याकाळचं कारंजं पूर्ण बंद करता येणार नाही, म्हणाले, मुलं हिरमुसतात. संध्याकाळी एक तास, पहाटे दोन, असं टायमरवर चाचणीसाठी ठरलं.

९ जून, रविवार

मुंबईत मान्सून आल्याचं आज जाहीर झालं. टायमर गेल्या आठवड्यापासून चालू. कारंज्याजवळच्या टोकावर पहाटेचा आकडा आता ३ च्या वर राहतो. थंडावलेल्या पाण्याचाही यात वाटा असणार, म्हणून सगळं श्रेय कारंज्याला देत नाही. दोन रात्री टायमर मुद्दाम बंद ठेवून तुलना करायला साहेबांची हरकत नाही, पण दादांची आहे, आणि त्यांचं ऐकायचं ठरलं.

पलीकडच्या काठाला, जिथे नाल्याचं पाणी येतं, तिथे परवा पहाटे बाटली केली. साका जवळजवळ पांढरा. कारंज्याचा फायदा तिथवर पोचत नाही. पहिल्या पावसाने रस्त्यावरची घाण नाल्यातून आत आलीय, ती कुजताना आणखी ऑक्सिजन ओढेल, म्हणजे पुढचे दोन आठवडे त्या बाजूला लक्ष हवं.

फायबर पंधरा मीटरचा लागेल. एवढ्या लांबीत उजेड बराच घटेल, उशीर नाही, त्यामुळे कॅलिब्रेशन तेच चालेल. दोन नव्या फिल्म वाळत ठेवल्यात. भाचा बुधवारी सुटी काढतोय, दादांच्या होडीतून टोक सोडायचं.